रुळांखालचें डांबर

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या जव्हार-मोखाडा भागांत आगगाडी नाहीं. वांगणीहून पश्चिमेस डोंगर उतरून गेलें म्हणजे डहाणू-पालघरकडील लोहमार्ग लागतो. तो १८६४ सालीं मुंबईस जोडला गेला. पूर्वेस मोखाड्यापलीकडे कसाऱ्याचा थळघाट. त्या घाटावरून १८६५ सालीं गाडी इगतपुरीस चढली. या दोन मार्गांच्या मधला हा डोंगरी मुलूख दीडशें वर्षांहून अधिक काळ दोन्ही बाजूंच्या गाड्यांची केवळ वार्ता ऐकत आला आहे. असें असतां रुळांखालीं कोणतें द्रव्य घालतात, याविषयीं एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें कित्येकांस नवलाचें वाटेल. म्हणून आरंभीं त्याचें कारण सांगतों.

गेल्या शिमग्यास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. आमच्याकडील कितीतरी तरुणांप्रमाणें भातकापणी आटोपली कीं तो मजुरीसाठीं बाहेर पडतो. या खेपेस तो सुरतेच्या बाजूस नव्या वेगवान लोहमार्गाच्या कामावर होता. तेथें काय करतोस, असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही लादीच्या खालीं काळें दूध ओततों."

मीं विचारलें, "काळें दूध म्हणजे काय रे?"

"डांबराचेंच असतें, गुरुजी, पण थंड. त्याच्याखालीं जाळ करीत नाहींत. आंत सिमेंट, वाळू आणि आणखी कसल्याकसल्या पुड्या मोजून घालतात. मग तें नरसाळ्यांतून सोडून साहेब घड्याळ बघतात. ठरल्यापेक्षां लवकर वाहिलें किंवा उशिरा वाहिलें, कीं सगळा घाणा बाजूला."

जरा थांबून त्यानें पुढें विचारलें, "आपल्या गांवच्या रस्त्याचें डांबर असें कोणी मोजतांना मीं कधीं पाहिलें नाहीं. तें कां मोजीत नाहींत?"

त्याच्या पहिल्या सांगण्याचा अर्थ मला त्या दिवशीं नीटसा लागला नव्हता, आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तर मजपाशीं नव्हतेंच. पुढें मिळेल तें वाचून आणि जाणत्यांस विचारून जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम डांबर या शब्दाविषयीं. आपण मराठींत दोन निरनिराळ्या पदार्थांस हें एकच नांव देतों. दगडी कोळसा बंद भट्टींत तापविला असतां जो काळा, उग्र वासाचा द्रव निघतो, तें कोळशाचें डांबर. कपड्यांत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्यांचा संबंध या डांबराशीं आहे. दुसरें खनिज तेलाचें डांबर. खनिज तेल शुद्ध करतांना पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादि हलकीं तेलें वेगळीं निघालीं, म्हणजे तळाशीं जो जड आणि चिकट अंश उरतो, तें हें डांबर. हल्लीं सडकांवर पडतें तें हेंच. कांहीं ठिकाणीं तें भूमींतून आपोआप वर येतें. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर तर अशा डांबराचें एक मोठें तळेंच आहे. सिंधु नदीच्या कांठीं मोहेंजोदडो येथें चार हजार वर्षांहून जुनें जें मोठें स्नानकुंड सांपडलें, त्याच्या विटांच्या बांधकामांत पाणी झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिलेला आढळला. म्हणजे पाणी अडविण्याचा डांबराचा गुण आपल्या या भूमींतील गवंड्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होता.

लोहमार्गाशीं डांबराचा संबंध प्रथम आला तो लांकडामुळें. रूळ ज्या आडव्या तुकड्यांवर बसवितात ते स्लीपर पूर्वीं लांकडाचे असत. लांकूड ओल्या मातींत पडलें म्हणजे त्यास वाळवी लागते, बुरशी धरते आणि तें कुजतें. १८३८ सालीं इंग्लंडांत जॉन बेथेल यानें कोळशाच्या डांबरापासून काढलेलें तेल दाबानें लांकडांत मुरविण्याची युक्ति काढली, आणि पुढें देशोदेशींचे असंख्य स्लीपर या तेलानें टिकविले गेले. सागवान मूळचेंच टिकाऊ. परंतु चिडासारख्या हलक्या लांकडास हें तेल पाजल्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढें काँक्रीटचे स्लीपर आले. शिवाय तें तेल मनुष्याच्या शरीरास अपायकारक असल्याचेंही दिसून आलें. त्यामुळें डांबराचें हें पहिलें काम बहुतेक संपलें. त्याचें दुसरें काम मात्र अलीकडे वाढत चाललें आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

तें समजण्यासाठीं रूळ कशावर उभा असतो हें पाहिलें पाहिजे. स्लीपरखालीं फोडलेल्या दगडाची खडी असते. आपल्या देशांतील मुख्य मार्गांवर तिचा थर सुमारें ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर जाड ठेवतात. ही खडी तीन कामें करते. ती गाडीचा भार पसरून खालच्या मातीवर सोपविते, पावसाचें पाणी निथळूं देते, आणि चाकांचा धक्का सोसून घेते. पण प्रत्येक गाडीबरोबर खडा खड्यावर घासतो आणि त्याची भुकटी होते. खालची माती भिजली असेल तर चाकाच्या दाबासरशी चिखल खडीच्या फटींतून वर चढूं लागतो. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीची तर रीतच अशी कीं ती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. मग रूळ एके ठिकाणीं खचतो, दुसरे ठिकाणीं बाजूस सरकतो, आणि तो पुन्हां पातळींत आणण्यासाठीं खडी ठोकून ठोकून भरावी लागते. हें काम पिढ्यान्‌पिढ्या गँगमन लोकांनीं टिकाव, पहार आणि फावडें यांनीं केलें. आतां त्यासाठीं मोठीं यंत्रें आलीं आहेत. तरी भर पावसाळ्याच्या रात्रीं हातांत दिवा घेऊन रूळ तपाशीत चालणारा मनुष्य अजून आहेच. या कामांत कित्येकांनीं गाडीखालीं प्राण गमावले आहेत. रूळ जितका कमी हलेल तितक्या कमी वेळां माणसास त्यावर जावें लागेल, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

या सर्व दुखण्याचें मूळ पाणी आहे. म्हणून कांहीं देशांतील शिल्पज्ञांनीं खडी आणि माती यांच्यामध्यें डांबरी खडीचा दाबलेला थर घालून पाहिला. इटलींत रोम-फ्लॉरेन्स या वेगवान मार्गापासून असा सुमारें १२ सेंटिमीटर जाडीचा थर घालण्याची प्रथा पडली. अमेरिकेंत १९८० नंतर जेथें माती फार ओली, अशा जागीं आणि जेथें दोन मार्ग एकमेकांस छेदतात अशा ठिकाणीं हा उपाय योजण्यांत आला. फ्रान्सनें २००७ सालीं सुरू झालेल्या पूर्वेकडील वेगवान मार्गावर ३ किलोमीटरचा तुकडा या रीतीनें करून पाहिला. या थरानें पाणी खालीं मातींत उतरत नाहीं, चिखल वर चढत नाहीं, आणि भार अधिक विस्तृत जागेवर पसरतो. शिवाय सडकेवरील डांबर ऊन-वाऱ्यानें लवकर कडक होऊन तडकतें; खडीखालीं झांकलेल्या थरास ऊन लागत नाहीं, म्हणून तो पुष्कळ काळ मऊ राहतो.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या काळ्या दुधाकडे वळूं. जपानची पहिली वेगवान गाडी टोकियो आणि ओसाका यांच्यामध्यें १ ऑक्टोबर १९६४ रोजीं सुरू झाली. तो मार्ग खडीचाच होता. गाड्या वेगाच्या आणि संख्येनें फार; त्यामुळें खडी लवकर ढळूं लागली आणि गाड्या बंद असतांना रात्रीच्या थोड्या तासांत ती ठीकठाक करणें जड जाऊं लागलें. तेव्हां खडीच काढून टाकून तिच्या जागीं काँक्रीटच्या लाद्या घालण्याचा विचार पुढें आला. ओसाकापासून पश्चिमेकडे १९७२ सालीं उघडलेल्या मार्गावर ही पद्धति थोड्या प्रमाणावर, आणि १९७५ सालीं उघडलेल्या पुढील मार्गावर मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.

पण काँक्रीटवर काँक्रीट नुसतें ठेवून चालत नाहीं. दोन कठीण पृष्ठभागांमध्यें केसाएवढी फट राहिली तरी गाडीच्या प्रत्येक फेरीस लादी आदळेल आणि शेवटीं तडकेल. जात्याच्या तळ्या एकमेकींवर टेकतात तशी ती टेकून चालणार नाहीं. मध्यें कांहींतरी मऊ, पण लादीस सर्वत्र चिकटून राहणारें पाहिजे. तें मऊ द्रव्य म्हणजेच सिमेंट आणि डांबर यांचा माल. गवंडी ज्यास माल म्हणतो त्याच जातीचा हा. मात्र यांत डांबराचा वांटा मोठा. जपानी रीतीच्या मालाची दाब सोसण्याची ताकद चांगल्या काँक्रीटच्या दहाव्या हिश्शाइतकीही नसते. हा त्याचा दोष नाहीं. तशीच त्याची योजना आहे. जर्मनींत आणि चीनमध्यें याच द्रव्यांचें प्रमाण बदलून, डांबर कमी करून, पुष्कळ अधिक कठीण मालही करतात. म्हणजे पदार्थ तेच, पण माप बदललें कीं वस्तु वेगळी होते.

हा माल थंड कसा राहतो? डांबर आणि पाणी एरवीं मिसळत नाहींत. परंतु गरम, पातळ केलेलें डांबर यंत्रानें अत्यंत बारीक थेंबांत फोडून, साबणासारखें एक द्रव्य घातलेल्या पाण्यांत मिसळलें, तर ते थेंब एकमेकांस न चिकटतां पाण्यांत तरंगत राहतात. दुधांत लोण्याचे कण असेच तरंगत असतात, आणि रिठ्याच्या पाण्यांत तेलकटपणा असाच सुटतो. या काळ्या दुधांत सिमेंट घातलें म्हणजे सिमेंट आपल्या घट्ट होण्यासाठीं पाणी ओढून घेतें. पाणी कमी होतांच डांबराचे थेंब एकत्र येतात आणि वाळू व सिमेंट यांच्या कणांभोंवतीं त्यांचें वेष्टण तयार होतें. ताक घुसळतां घुसळतां लोण्याचा गोळा जमावा, तसा हा प्रकार आहे. फार उन्हांत हें दूध वेळेपूर्वींच फाटतें. म्हणून मिश्रण करतांना हवेची आणि द्रव्यांची उष्णता पाहावी लागते.

विद्यार्थ्यानें सांगितलेल्या पुड्यांचें काम आतां सांगतों. एक आहे अॅल्युमिनियमची भुकटी. सिमेंट सुकतांना आकसतें. आकसलें कीं लादीखालीं पोकळी पडणार. सिमेंटांतील क्षाराशीं या भुकटीचा संयोग होऊन हायड्रोजन वायूचे बारीक बुडबुडे निघतात आणि माल घट्ट होण्यापूर्वीं किंचित् फुगून लादीच्या पोटास भिडतो. आंबविलेलें इडलीचें पीठ वाफेवर फुगतें, तसेंच हें. ही भुकटी सिमेंटच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी लागते. जास्त पडली तर सगळा माल जाळीदार होऊन त्याचा जीव जातो. दुसरें द्रव्य फेंस मारणारें. ढवळतांना जे मोठे बुडबुडे शिरतात ते वर येऊन नेमके लादीखालीं जमतात. हें द्रव्य ते फोडतें. तिसरें याच्या अगदीं उलट, मुद्दाम अतिसूक्ष्म बुडबुडे राखणारें. थंड देशांत मालांतील पाणी गोठून पसरूं लागलें म्हणजे त्यास या बुडबुड्यांत जागा मिळते. जपानच्या उत्तर भागांत गोठण्या-वितळण्यानें लादीच्या कडेचा माल झिजल्याचा अनुभव आहे. चौथें रबराचें दूध. त्यानें माल अधिक लवचीक होतो आणि पाण्यास अधिक दाद देत नाहीं.

मुंबई-अहमदाबाद मार्गावर हीच जपानी पद्धति योजिली आहे. मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर, भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजीं झालें, आणि गाडीचा वेग ताशीं ३२० किलोमीटर ठरविलेला आहे. पुलावर काँक्रीटचें एक अंथरूण घालतात. त्यावर ठराविक अंतरानें गोल खुंटे असतात, ते लादीस मागेंपुढें सरकूं देत नाहींत. एकेक लादी सुमारें ४.९ मीटर लांब, २.२ मीटर रुंद, १९ सेंटिमीटर जाड आणि जवळजवळ ३.९ टन वजनाची. एका मार्गाच्या किलोमीटरास अशा सुमारें २०० लाद्या लागतात. त्या सुरतेजवळ कीम येथें आणि आणंद येथें कारखान्यांत ओतल्या गेल्या. लादी प्रथम अधांतरीं टेकवून मिलिमीटरच्या हिशेबानें पातळींत आणतात, आणि मग खालच्या ४० ते १०० मिलिमीटरच्या फटींत तें काळें दूध सोडतात. एकदां तें घट्ट झालें कीं लादीची जागा कायमची ठरली. चूक झाली तर टिकाव घेऊन ती दुरुस्त करतां येत नाहीं. म्हणूनच नरसाळें आणि घड्याळ. हीं कामें शिकविण्यासाठीं सुरतेस जपानी तज्ज्ञांच्या हाताखालीं शिक्षणवर्गही भरविण्यांत आले.

हा मार्ग आमच्या पालघर जिल्ह्यांतून वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांमधून जातो. विरार आणि बोईसर येथें त्याचीं स्थानकें ठरलीं आहेत. या मार्गासाठीं आदिवासी आणि शेतकरी यांच्या जमिनी गेल्या, कित्येक गांवांनीं विरोधही केला; तें दुःख मी येथें लहान करून सांगूं इच्छीत नाहीं. पण जमीन देऊन आणि घाम गाळून आमच्या लोकांस त्या मार्गापासून काय मिळावें, असा विचार केला असतां मला असें वाटतें, कीं निदान तेथील विद्या तरी मिळावी. पोतीं वाहणाऱ्या मुलास माप घेणारा मुलगा होतां आलें पाहिजे.

आतां त्याचा दुसरा प्रश्न, गांवच्या रस्त्याचा. जव्हारच्या डोंगरावर वर्षाकाठीं शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या बाजूच्या एका रस्त्यावर पाऊस तोंडावर आला असतां ओलसर, धुळीनें भरलेल्या खडीवर डांबर शिंपडलें गेलें. नारळी पौर्णिमेच्या आधींच खडी सुटी झाली, एस. टी. बंद पडली आणि एका आजारी बाईस डोलींत घालून पक्क्या सडकेपर्यंत न्यावें लागलें. कोणाचें नांव घेऊन आतां उपयोग नाहीं. कारण मात्र समजून घ्यावें. दगडास डांबरापेक्षां पाण्याची ओढ अधिक असते. दगड ओला किंवा धुळकट असला तर डांबर त्याला धरीत नाहीं, आणि धरलेलें असलें तरी पाणी आंत शिरून त्यास सोडवितें. आपला सह्याद्रीचा काळा दगड या बाबतींत पांढऱ्या गारेच्या दगडापेक्षां बरा. भाजून विरविलेल्या चुन्याची थोडी भुकटी खडींत मिसळली तर पकड आणखी सुधारते. चुना आपल्या बाजारांत मिळतो. त्यासाठीं जपानला जावें लागत नाहीं.

आणि सडकेच्या डांबराचें मोजमाप नाहीं असें थोडेंच आहे? डांबर किती मऊ आहे हें पाहण्याची जुनी परीक्षा अशी: २५ अंश उष्णतेच्या डांबरावर १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद टेकवावयाची आणि ती किती आंत गेली तें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांत मोजावयाचें. डांबर किती तापवावें, थर किती जाड असावा, हें सर्व लिहून ठेवलेलें असतें. २००० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंतील रस्त्यांची पांच वर्षें देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदारावर घातलेली आहे, आणि रस्त्याची माहिती देणारा फलक लावण्याचा नियम आहे. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यास उत्तर द्यावयाचें तर असें: मोजावयाचें तें ठरलेलें आहे, मोजतांना जवळ उभें राहून पाहणारें मात्र गांवांत कोणी नाहीं. फलक वाचावा, फूटपट्टी घेऊन थराची जाडी पाहावी, पावसाळी डांबर पडूं लागलें तर हरकत घ्यावी, आणि रस्त्याच्या कडेचा चर मोकळा ठेवावा. इतकें तर सातवी शिकलेला मनुष्यही करूं शकेल.

आणखी एक गोष्ट. सडकेचें डांबर पातळ करण्यासाठीं तें सुमारें १५० अंशांपर्यंत तापवावें लागतें. रस्त्याच्या कडेस पिंपाखालीं लांकडें जाळून तें तापविणाऱ्या, पायांस गोणपाट बांधून त्या धुरांत उभ्या राहणाऱ्या बाया-माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांत आमच्या तालुक्यांतील लोक पुष्कळ. त्यांच्या हातापायांवरील डाग मीं जवळून पाहिले आहेत. थंड डांबर-दूध सडकांच्या कामींही चालतें, आणि खड्डे बुजविण्यास व पातळ थरास तें वापरलेंही जातें. जेथें तें चालण्यासारखें आहे तेथें तें वापरल्यास रानांतील लांकूड वांचेल आणि मजुराची कातडीही वांचेल.

माझा विद्यार्थी शिमगा करून पुन्हां कामावर गेला. जातांना मीं त्याला शाळेची एक कोरी वही दिली, आणि रोज काय काय द्रव्य किती मापानें पडलें, हवा किती तापली होती, कोणता घाणा कां फेंकला, हें संध्याकाळीं लिहून ठेवावयास सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, माझें अक्षर चांगलें नाहीं." मीं म्हटलें, "आंकडे चांगले काढ, म्हणजे झालें." पुढील शिमग्यास ती वही भरून आली, तर वांगणीच्या रस्त्यावर डांबर पडतांना फूटपट्टी घेऊन उभा राहणारा एक तरी मनुष्य गांवांत तयार झाला असेल.